चांदीच्या चाकांना वंगण

माझा नातू अमरावतीच्या शाळेत मास्तर आहे. मी बोलते वऱ्हाडी, तो लिहितो शुद्ध. "आजी, लोक हसतील," म्हणतो. हसू दे ना बाप्पा, हसण्यासारखंच सांगणार आहे मी. शेवटी आमचं असं ठरलं की माझं सांगणं तो त्याच्या भाषेत लिहील आणि बाकीच्यांचं आणि माझं तेव्हाचं बोलणं जसंच्या तसं ठेवील. गेलेल्या माणसांचं बोलणं सुधारायचा हक्क मास्तरालाही नाही, असं मी त्याला बजावलं आहे.

त्याचं म्हणणं, गोष्ट लढाईपासून सुरू करावी. सातासमुद्रापलीकडे साहेबाच्या भाऊबंदांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. असेल. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ज्या वर्षी कापूस चढला, त्या वर्षीपासून माझं माहेर बंद झालं.

सासर भातकुलीजवळ आणि माहेर मूर्तिजापूरच्या अलीकडे, बंडीने दोन दिवसांची वाट. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आखाजीच्या सणाला मी माहेरी गेले. मग कापूस चढला. पहिल्या वर्षी सासरे म्हणाले, बंडी रिकामी नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाले, बैल रिकामे नाहीत. तिसऱ्या वर्षी आमची बंडी कापूस घेऊन अकोल्याला गेली, माझ्या माहेराच्या फाट्यावरूनच गेली. गाव तिथून फक्त एक कोस आत. मला नेलं नव्हतं, पण मायसाठी एक लुगडं मी यांच्याजवळ दिलं होतं. हे म्हणजे माझे मालक, नातवाचा आजा. "परतताना जाऊन येऊ," असं सोबत निघालेल्या सासऱ्यांनी यांना सांगितलं होतं. परतताना बैल थकले होते म्हणे. लुगडं घडी न मोडता घरी परत आलं, आणि मी ते पेटीत ठेवताना रडले. सासूबाई म्हणाल्या, कापसाच्या दिवसांत रडू नये, कापूस ओला होतो. विनोद केला होता त्यांनी.

त्याच पावसाळ्यात माहेरच्या वाटेवरच्या एका गाडीवाल्यानं निरोप आणला: "तुया मायचे डोये गेले. आता आवाजावर बसली राह्यते बुडी."

आवाजावर म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. माझी माय वंगणासाठी त्या वाटेवर ठाऊक होती. बंडीचं चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं तो आख, आणि चाकाच्या मधला लाकडी गड्डा तो तुंबा. आख आणि तुंब्याच्या मध्ये जे काळं, चिकट घालतात ते वंगण. आमच्या घरी ते माय करायची. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल काढून घ्यायची. मग अंबाडीचा सुतळा जाळून त्याची राख त्या कोमट तेलात घोटायची. किती घोटायचं? बोटावर घेऊन बोट उलटं केलं तर थेंब पडला नाही पाहिजे, आणि बोट फिरवलं तर ते अडलं नाही पाहिजे. मला तिनं हेच शिकवलं. गाडीवाले आमच्या ओट्यापाशी थांबून बांबूच्या नळ्यात वंगण भरून नेत. मायचे कान इतके तयार होते की रस्त्यावरून बंडी गेली की घरातून सांगायची, "याच्या चाकात जवस हाय. हा कोरडा चालला. याच्या डाव्या तुंब्याले भेग हाय." अन् लग्नात ऐकलेली माझ्या सासरची बंडी तर डाव्या चाकाच्या किरकिरीनं अर्ध्या कोसावरून ओळखायची; तेव्हा तिला माझ्या हातचं वंगण नव्हतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आम्ही गावात शिरायच्या आधीच तिनं चुलीवर पाणी ठेवलं होतं.

त्या पहिल्या फेरीनंतर सासरी वंगणाचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, लेक करतो. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नसे, डोक्यावरून पदर, नजर खाली. सासऱ्यांना काही सांगायचं असलं तर मी ते गाईला सांगायची, चुलीला सांगायची, दाराच्या कडीला सांगायची, आणि ते ऐकून तेही गाईलाच उत्तर द्यायचे. त्यामुळे त्यांना वंगणाची खरी हकीकत कोणी सांगितली नाही. आणि हे माझ्या कामाचं नाव खुशाल खाली मान घालून स्वतःकडे घेत होते.

आणि सासरे बोलायचे काय! संध्याकाळी पारावर बसून वंगणावर त्यांचं प्रवचन चालायचं. कोणतं तेल चढतं, कोणतं उतरतं, उन्हाळ्यात किती जाड, हिवाळ्यात किती पातळ. "ज्या घरची बंडी बोलते ना, त्या घरी सोयरीक करू नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमची बंडी बोलत नव्हती. चार गावं त्यांना मानायची. त्यांनी जन्मात कधी एरंडीची एक बी फोडली नव्हती, पण प्रवचन करणाऱ्याला ते लागत नाही.

तर कापूस चढला, आणि सासऱ्यांनी बांधावरची एरंडी उपटायला घेतली. बांधावर कापूस, विहिरीच्या काठावर कापूस, तिळाच्या वावरात कापूस, जवसाच्या वावरात कापूस. तुळशीचं वृंदावन तेवढं वाचलं, तेही सासूबाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या म्हणून. मी गाईला म्हटलं, "गाये, एरंडी गेली तं वंगन कायचं करतीन माय?" सासऱ्यांनी गाईला सांगितलं, "वंगन बजारात भेटते. एरंडी काय, कोनीबी पिकवते." चाळीस गावांतल्या चाळीस शहाण्यांनी त्या वर्षी आपल्या गाईला हेच सांगितलं असावं, कारण पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या बाजारात एरंडेल औषधाला मिळेना. अक्षरशः औषधाला. लहान पोरांचं पोट साफ करायची पंचाईत झाली.

तीन झाडं राहिली. उकिरड्याच्या मागे होती, तिकडे सासरे नाक दाबून जायचे, म्हणून दिसली नाहीत. मी ती राखली. तीन वर्षं त्या तीन झाडांच्या बिया मी गोळा केल्या आणि सासूबाई शेजारी गेल्या की थोडं थोडं तेल काढून एका छोट्या मडक्यात भरत गेले. ते वंगणासाठी नव्हतं. मायचे गुडघे धरले होते, तिला चोळायला एरंडेल लागायचं, आणि तिच्या गावातलीही एरंडी उपटली गेली होती. मी मनाशी म्हणायची, मडकं भरलं की मी जाईन. मडकं भरलं तरी मी तिथंच.

मग चांदी आली. पैसा घरात मावेना तेव्हा त्या दिवसांत लोकांना काय सुचेल याचा नेम नव्हता. आमच्या सासऱ्यांना चाक सुचलं. चाकावर बाहेरून लोखंडाची पट्टी चढवतात ती धाव, तीच चांदीची बसवायची म्हणत होते, पण सोनार शहाणा निघाला. त्यानं सांगितलं, धाव रस्त्याला घासते, अकोल्याला पोचेपर्यंत अर्धी चांदी वाटेला वाटून याल. मग लोखंडी धावेच्या कडेनं चांदीची पट्टी ठोकली आणि तुंब्याच्या तोंडाला चांदीचं कडं बसवलं. बंडी अंगणात उभी केली की डोळे दिपायचे. कोंबड्या जवळ जाईनात.

साठवलेलं जुनं वंगण तोवर संपलं होतं, तेव्हा आता या चाकांना वंगण कोणतं घालायचं, हा प्रश्न घरात पंधरा दिवस चालला. मला कोणी विचारलं नाही.

आधी शेजाऱ्याचं पाहिलं. त्यानं जवसाचं तेल घातलं होतं. चार दिवस चाक झकास फिरलं, पाचव्या दिवशी तेल वाळून त्याचा डिंक झाला आणि चाक आखाला असं धरून बसलं की शेजाऱ्यानं घणानं सोडवलं. मग तीळतेल आणलं. ते पातळ, दुपारपर्यंत ठिपकून जायचं आणि बंडी बोलायला लागायची. सासरे कानावर हात ठेवून आत जायचे. मग हे अमरावतीहून विलायती वंगणाचा डबा घेऊन आले. पिवळं, लोण्यासारखं, झाकण घट्ट. सासऱ्यांनी ते हुंगलं आणि डबा दूर धरला. "याच्यात कायची चरबी हाय कोनाले ठाव?" शिपायांच्या बंडातली चरबीच्या काडतुसांची गोष्ट तोवर आमच्या गावातही पोचली होती, थोडी वाढूनच पोचली होती. त्यांनी तो डबा गावाबाहेर नेऊन पुरला आणि अंगावर दोन घागरी पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी तो उकरून चाटून साफ केला. सासरे म्हणाले, पाहा, माझा संशय खरा होता.

आणि मग त्यांनी उपाय काढला. विलायती डब्यात गाईची चरबी असेल या भीतीनं ज्यांनी आंघोळ केली, त्यांनी ठरवलं की चाकाला गाईचं तूप घालायचं. शुद्ध, घरचं, कणीदार. चांदीच्या चाकाला शोभेल असं. सासूबाईंनी तोंडावर हात मारला. "आवो, पोराइले पोयीवर घालाले नाई अन् चाकाले तूप?" सासरे म्हणाले, "तू चूप राय. लक्ष्मी हाय ते." तुपाचं मडकं बंडीला टांगलं गेलं.

मी गप्प होते. माझ्याजवळ एरंडेल होतं, आणि मी गप्प होते. हे मी लपवत नाही. ते मायच्या गुडघ्यांचं होतं, आणि तूप चाकात तासभरही टिकत नाही हे मला कोणी विचारलं असतं तर मी गाईला सांगितलं असतं.

डोळ्यांचा निरोप आल्यावर सासूबाईंनीच सासऱ्यांना टोचून टोचून कबूल करून घेतलं होतं की चैत्रात अकोल्याला शेवटचा कापूस जाईल तेव्हा सुनेला बंडीत बसवून वाटेत माहेरी सोडायचं. अमरावती जवळ असताना अकोला कशाला, असं कोणी विचारेल. कापूस अमरावतीतही विकला गेला असता. पण अमरावतीनं चांदीची चाकं पाहिली होती, अकोल्यानं पाहिली नव्हती.

निघालो तेव्हा कापसाच्या ढिगावर मी, पेटीतलं लुगडं, आणि कापसात खोल दडवलेलं तेलाचं मडकं. पुढे हे बैल हाकत, शेजारी सासरे पांढरा फेटा बांधून. पहिला दिवस पहाटेच्या आणि संध्याकाळच्या गारव्यात, घडोघडी तूप घालत बरा गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि मडक्यातलं उरलंसुरलं तूप घालताच वितळलं. तुंब्यातून तुपाचे ओघळ आऱ्यांवरून खाली आले, त्यावर वाटेची धूळ बसली, आणि सासऱ्यांची चांदी गाडग्याच्या बुडासारखी झाली. मागे कुत्री लागली. प्रत्येक गावाबाहेर दोन नवी यायची. मी वर बसून मोजली तर अकरा होती. येणारे-जाणारे थांबून पाहायचे आणि सासरे फेटा नीट करायचे, त्यांना वाटायचं चाकं पाहतात.

दुपारच्या आत डावा तुंबा धुमसायला लागला. आधी किंचाळला, मग गुरगुरला, मग जळक्या लाकडाचा वास आला. डाव्या बैलाची मान जुवाखाली वाकडी झाली आणि तो उभा राहिला तो हलेचना. सासऱ्यांनी तांब्याभर पाणी तुंब्यावर ओतलं तर फस्‌ करून वाफ निघाली. यांनी टेकू लावून बंडी उचलली. आखावर तुपाचं नाव नव्हतं, निळी पडलेली सळई होती. माझ्या माहेराचा फाटा तिथून तीन कोस.

मग सुरू झाली गंमत. अकोल्याच्या बाजाराची वाट ती, मागून एकेक बंडी येऊ लागली. सगळ्या कापसानं शिगोशीग भरलेल्या, सगळ्या किंचाळत. प्रत्येकाला सासरे विचारत, "काऊन गा, एरंडेल हाय का थोडंसं?" प्रत्येकजण हसून नाही म्हणायचा आणि एक सल्ला देऊन जायचा. एकानं पिकलं केळं घालायला सांगितलं. एकानं साबण. एक म्हातारा चाकाकडे बघून म्हणाला, "चांदी हाय ना? मंग तेलाची काय गरज?" इतक्या बंड्या गेल्या, इतका कापूस गेला, आणि त्या सगळ्यांत मिळून चमचाभर एरंडेल नव्हतं. सगळ्यांनीच उपटलं होतं.

सासरे दगडावर बसले. आणि मग ते बोलले, यांच्याशी, मला ऐकू येईल असं. "दिवस गेला आपला. चाक सुधरलं का मंग सीदं अकोला. बजार उठून जाईन. तिच्या मायकडे परतताना जाऊ."

परतताना. बाई गं, तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी ढिगावरून खाली उतरले. पदर डोक्यावरून ओढला, सासऱ्यांकडे पाठ केली, आणि डाव्या बैलाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"बैला," मी म्हटलं, "तुयी मान लय दुखते, मले दिसते. माह्याजवळ एरंडेल हाय. मी आत्ता इथंच वंगन करून देतो. पन बंडी पयले माह्या मायकडे जाईन. मंग अकोला."

हे तोंडात बोट घालून बघत राहिले. सासरे उठले, उजव्या बैलापाशी गेले.

"पूस गा तिले," ते उजव्या बैलाला म्हणाले, "एरंडेल कुठून आलं? एरंडी तं मी उपटली व्हती."

"उकिरड्यामांगं तीन झाडं राह्यली व्हती, बैला."

"तीन साल माह्या घरी एरंडी हाय अन् मले ठाव नाई?"

"मामाजीचं ध्यान चांदीवर व्हतं. उकिरडा कसा दिसन?"

यांना खोकला आला. सासरे थोडा वेळ बैलाच्या शिंगावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "सांग तिले, परतताना जाऊ मनतो ना मी. खोटं बोलतो का?"

"मांगच्या साली बी परतताना जानार व्हते, बैला. तू व्हताच ना बंडीले. सांग, गेलता का?"

बैलानं मान हलवली. माशी बसली असेल त्याच्या कानावर. पण मान हलली, आणि ती तिघांनी पाहिली.

सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहणं रीतीत नव्हतं. पाय दिसत होते. चपलेचं टोक मातीत रेघ ओढत होतं. बऱ्याच वेळानं ती रेघ थांबली आणि ते उजव्या बैलाला म्हणाले, "सांग तिले, फिरवतो बंडी. कर मना वंगन."

मी कापसात हात घालून मडकं काढलं. ते हातात घेतलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तीन वर्षांच्या बिया, मायचे गुडघे. पण गुडघे चोळायला आधी माय भेटली पाहिजे. मी अंबाडीच्या दोराचा तुकडा तोडला, तीन दगड मांडून जाळला, राख पदराच्या टोकातून गाळली, आणि दगडावर तेल घालून घोटायला बसले. घाई होती, राख जरा जास्त जळली. बोटावर घेतलं, उलटं केलं, पडलं नाही. फिरवलं, अडलं नाही.

सासरे जवळ येऊन उभे राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते वंगण होताना पाहत होते. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे बंडीखाली काहीतरी शोधायला लागले. "मी तं समजत व्हतो, वंगन हा करते," सासरे कोणत्याच बैलाकडे न पाहता म्हणाले. पारावरची इतक्या वर्षांची प्रवचनं त्यांना आठवली असतील. मला तर सगळी आठवली.

चारी बाजूंनी पुसून, दोन्ही तुंब्यांत वंगण भरून बंडी निघाली. मडक्याच्या तळाशी बोटभरसुद्धा उरलं नाही. आणि बंडी अशी चालली की कापूस ओढतोय हे बैलांना कळेना. आवाज नाही, काही नाही. कुत्री मागे राहिली. फाटा आला तेव्हा यांनी वडिलांकडे पाहिलं. सासऱ्यांनी स्वतः कासरा हातात घेतला आणि बैल आत वळवले.

दिवस अजून बराच होता. माय ओट्यावर बसली होती, तोंड रस्त्याकडे, हात मांडीवर. किती बारीक झाली होती! मला वाटलं, आता उठेल, आता म्हणेल, आली. बंडी तिच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली आणि ती तशीच बसून होती, मान जरा तिरकी, कान रस्त्याला लावून. ती ऐकत होती. आमच्या पलीकडचं काहीतरी ऐकत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिनं आम्हाला ऐकलंच नाही. इतकं चांगलं वंगण मी केलं होतं.

"माय," मी म्हटलं.

ती दचकली. "कोन व्हय?"

"मी वं."

तिनं हात पुढे केले आणि माझं तोंड चाचपलं, कान चाचपले, नाकातली नथ चाचपली. मग रडली नाही, ती रागावली. "अवं, पन बंडी कुठं हाय? बंडीचा आवाज काहून नाई आला? मी रोज बसतो इथं. सकायपासून बसतो."

मी तिला धरून बंडीपाशी नेलं. सगळा गाव चांदी पाहायला गोळा झाला होता. मायनं धावेवर हात ठेवला आणि चटकन काढला. "हे काय एवढं तपलं?"

"चांदी हाय," सासरे म्हणाले. थेट तिला म्हणाले, विहिणीला.

"असन," माय म्हणाली. तिचा हात आऱ्यावरून सरकत तुंब्यावर आला. तो थंड होता. कडेला वंगण थोडं बाहेर आलं होतं, ते तिनं बोटाला घेतलं, हुंगलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. "एरंडेल. तुयाच हातचं. अंबाडी जरा जास्त जयाली वं. घाईत केलं का?"

माय आपल्याशीच बोलावं तसं बोलत होती. "म्हनून आयकू नाई आलं. मांगच्या साली बी तू अशीच येऊन गेली असशीन. मी झोपली असन. नाई तं आवाजच आला नसन. मले लय वाटे, तू येऊन दारातून गेली का काय."

काय सांगावं? आलो होतो म्हणावं तर तिनं स्वतःच्या कानांना जन्मभर दोष दिला असता. आलो नाही म्हणावं तर कोसभरावरून गेलो हे सांगावं लागलं असतं. मी बैलाकडे पाहत राहिले. आता बैलही काही बोलेना.

"नाई आलो," सासरे म्हणाले. "फाट्यावरून गेलो. म्या नाई फिरवली बंडी."

माय खाली बसली, दोन्ही चाकांच्या तुंब्यांच्या कडेचं वंगण बोटानं निपटून घेतलं आणि आपल्या गुडघ्यांना चोळायला लागली. काळं, राखेचं, आखावरचं. "एरंडेलच हाय ना," म्हणाली. "वाया काहून घालवा?" गाव चांदी बघत होता आणि सासरे तिचे गुडघे बघत होते.

मला तिथं ठेवून बापलेक अकोल्याला गेले. अकोल्यात त्यांच्या चाकांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, कारण त्या साली तिथं उभ्या असलेल्या दर चार बंड्यांमागे दोन चांदीच्या होत्या, आणि एकीच्या बैलांच्या शिंगांनाही चांदी होती. हे मला यांनी पुढं केव्हातरी सांगितलं. सासरे त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. माय ओट्यावर होती. लांबून एक आवाज आला, असा किर्रर्र आवाज की कावळे उडाले. कुठल्या तरी कंगाल गाडीवाल्याचं कोरडं चाक, मला वाटलं. माय ताठ बसली. मान तिरकी केली.

"डावं चाक," ती म्हणाली. "तुमची बंडी हाय. अर्ध्या कोसावर हाय अजून. पानी ठेव चुलीवर."

बंडी दारात येईपर्यंत पाणी उकळलं होतं. डाव्या चाकानं सगळा गाव गोळा केला होता. लोक कानात बोटं घालून हसत होते, एकजण म्हणाला, चांदीवाल्याचं वंगण सरलं. ज्या घरची बंडी बोलते त्या घरी सोयरीक करू नये म्हणणारे माझे सासरे मान खाली घालून ते ऐकत होते. मी बंडीपाशी गेले, पदर ओढून, सवयीनं चाकाकडे पाहिलं. उजवा तुंबा काळा, ओला, भरलेला. डावा चिंधीनं लख्ख पुसलेला. काळी झालेली चिंधी आऱ्यात खोचलेली होती, सासऱ्यांच्या पांढऱ्या फेट्याची. शिवेवर बंडी थांबवून त्यांनी ती फाडली होती, असं यांनी मला मागाहून सांगितलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि डाव्या बैलाला म्हणाले, "सांग गा तिच्या मायले, आमी आलो मना."